न सांगितलेले आजार: गडचिरोली आणि गोव्यातील अभ्यासांनी स्त्रियांच्या आरोग्याबद्दल काय शिकवले?

अंगावर पांढरे जाणे, पाळीत फार रक्तस्राव होणे, ओटीपोटात दुखणे, संबंधाच्या वेळी त्रास होणे अशा तक्रारी अनेक स्त्रिया वर्षानुवर्षे अंगावर काढतात. त्या दवाखान्यात येत नाहीत, त्यामुळे त्यांचा आजार दवाखान्याच्या नोंदींतही येत नाही. मग त्या भागात हा प्रश्नच नाही, असा समज होतो. हा समज तपासायचा असेल, तर डॉक्टरांना आणि संशोधकांना वस्तीत जावे लागते. यालाच समाजाधारित संशोधन म्हणतात.

हे संशोधन वेगळे कसे?

रुग्णालयातील अभ्यासात फक्त तिथपर्यंत पोहोचलेले रुग्ण असतात. समाजाधारित अभ्यासात एखाद्या गावातील किंवा वस्तीतील सर्वांचा, किंवा त्यांच्यातून निवडलेल्या प्रातिनिधिक गटाचा विचार होतो. तक्रार असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या व्यक्तींना तपासले जाते. चांगल्या अभ्यासात गावकऱ्यांशी आधी चर्चा होते, तपासणी गावाजवळ होते आणि आजार आढळल्यास उपचारही मिळतात.

गडचिरोली: तक्रार नाही, तरी आजार आहे

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील मुख्य निष्कर्ष असे होते:

- ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक अवयवांचा किमान एक आजार होता.
- एका स्त्रीमागे सरासरी ३.६ आजार आढळले.
- एकूण आजारांपैकी सुमारे निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे होते.
- त्याआधी कधी स्त्रीरोगांसाठी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या.

९२ आणि ८ या दोन आकड्यांमधील अंतर हेच या अभ्यासाचे सार आहे. मात्र हा आकडा दोन गावांचा आहे, त्यात सौम्य आणि गंभीर असे दोन्ही आजार मोजलेले आहेत. तो सगळ्या महाराष्ट्राला लावता येत नाही. नंतर इतर ठिकाणी झालेल्या अभ्यासांत प्रमाण वेगवेगळे आले. पण स्त्रीचे आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण आणि कुटुंबनियोजन नव्हे, ही गोष्ट ठळकपणे पुढे आली. १९९४ च्या कैरो येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या परिषदेने प्रजनन आरोग्याचा व्यापक विचार स्वीकारला आणि १९९७ मध्ये भारतात प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

गोवा: तक्रार आहे, पण संसर्ग नसू शकतो

पुढे गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे २,५०० स्त्रियांचा असाच समाजाधारित अभ्यास केला. त्यात अंगावर पांढरे जाण्याची तक्रार आणि प्रयोगशाळेत सापडणारा संसर्ग यांचा मेळ नेहमी बसत नाही, असे दिसले. या तक्रारीचा संबंध मानसिक ताण, उदासी आणि थकवा यांच्याशी अधिक ठळक होता. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या संसर्गांचे प्रमाण कमी होते.

याचा अर्थ त्रास खोटा आहे असा नाही. केवळ तक्रार ऐकून प्रत्येकीला अँटिबायोटिक देणे पुरेसे नाही, तिची तपासणी करावी आणि तिच्या मनावरील भाराबद्दलही विचारावे, असा आहे.

मुद्दा समतेचा

दवाखाना सर्वांसाठी खुला असला, तरी सर्वांना तिथे पोहोचता येतेच असे नाही. बुडणारी मजुरी, एसटीचे भाडे, स्त्री डॉक्टर नसणे, आडोसा नसणे, घरच्यांची परवानगी आणि लाज हे सगळे अडथळे आहेत. ज्या स्त्रीकडे पैसा आणि मोकळीक कमी, तिच्या वाट्याला ते अधिक येतात. अविवाहित मुली, विधवा आणि पाळी गेलेल्या स्त्रिया तर अनेकदा विचारातच घेतल्या जात नाहीत. हे अडथळे दूर करणे म्हणजे आरोग्यातील समता.

नेहमीचे काय आणि डॉक्टरांना कधी दाखवावे?

पारदर्शक किंवा पांढरट, वास व खाज नसलेला स्राव नैसर्गिक असतो. दोन पाळ्यांच्या मध्ये आणि गरोदरपणात तो वाढू शकतो. पुढील लक्षणे असल्यास तपासणी करून घ्या:

- दह्यासारखा घट्ट स्राव आणि खाज
- करडा, हिरवट किंवा दुर्गंधी असलेला स्राव
- ओटीपोटात दुखणे, लघवीला जळजळ, जननेंद्रियावर फोड किंवा जखम
- अंग बाहेर येत असल्यासारखे वाटणे

ओटीपोटात तीव्र वेदना आणि ताप, गरोदरपणात रक्तस्राव, संबंधानंतर रक्त जाणे किंवा पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे, यांपैकी काहीही झाल्यास वेळ घालवू नका.

काही संसर्ग लक्षणांशिवाय राहतात आणि गर्भनलिकांना इजा करतात. त्यातून वंध्यत्व येऊ शकते. ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांनी त्रास नसला तरी दर ५ वर्षांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करून घ्यावी. त्याबद्दल आशाताई किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

कुटुंबीयांसाठी

पांढरे जाते म्हणून कोणाच्या चारित्र्यावर संशय घेऊ नका. बुरशीचा संसर्ग किंवा योनीमार्गातील जिवाणूंचा समतोल बिघडणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. लैंगिक संबंधांतून पसरणारा संसर्ग निघाला, तर पतीनेही उपचार घ्यायला हवेत. एकट्या पत्नीने गोळ्या घेतल्या, तर तो पुन्हा होऊ शकतो.

तुमच्या दारी संशोधक आले तर

- अभ्यास कोण करत आहे, कशासाठी, आणि त्याला नैतिकता समितीची मान्यता आहे का, हे विचारा.
- संमती तुमची स्वतःची असावी. सरपंचांनी किंवा पतीने होकार दिला म्हणजे तुमचा होकार झाला असे नाही. १८ वर्षांखालील मुलीसाठी साधारणपणे पालकांची संमती लागते, आणि तिचाही होकार घ्यायचा असतो.
- नकार देण्याचा किंवा मध्येच थांबण्याचा हक्क तुम्हाला आहे. त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.
- तुमची माहिती गुप्त राहील ना, आणि आजार आढळल्यास उपचार कुठे मिळतील, हे आधीच समजून घ्या.