१ मे : एक तारीख, अनेक घटना
(दिनविशेषाच्या अध्यापनाविषयी काही विचार)

प्रस्तावना

शाळा-महाविद्यालयांतील सूचनाफलकावर 'दिनविशेष' लिहिण्याची प्रथा जुनी आहे. त्या दिवशी जगात घडलेल्या घटना, थोर व्यक्तींचे जन्म आणि मृत्यू, एखादा शोध किंवा एखादे युद्ध अशा चार-पाच ओळी रोज सकाळी फळ्यावर येतात. विद्यार्थ्यांमध्ये इतिहासाची आवड निर्माण करण्याचे हे सोपे साधन आहे, यात शंका नाही. परंतु एकाखाली एक लिहिलेल्या या घटनांचा परस्परांशी संबंध काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तारीख एक म्हणून घटनाही जोडलेल्या असतील, असा समज विद्यार्थ्यांच्या मनात नकळत रुजतो. काही वेळा तो खरा असतो, काही वेळा अर्धवट खरा आणि काही वेळा पूर्णपणे चुकीचा.

प्रस्तुत लेखात १ मे ही तारीख उदाहरणादाखल घेऊन या संबंधांचे प्रकार तपासण्याचा प्रयत्न केला आहे. ही तारीख निवडण्यास स्थानिक कारण आहे. सुरत शहरातील उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी भाषक कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्यासाठी १ मे हा महाराष्ट्र दिन आहे, गुजरात दिन आहे आणि कामगार दिनही आहे. एका कुटुंबाच्या वाट्याला एकाच दिवशी अशा तीन ओळखी येणे ही गोष्ट साधी नाही.

एका कायद्याची दोन फळे

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये अस्तित्वात आली. हा योगायोग नव्हता. संसदेने संमत केलेल्या 'मुंबई पुनर्रचना कायदा, १९६०' या एकाच कायद्याने जुन्या द्वैभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले. त्या कायद्यात 'नियत दिवस' म्हणून १ मे १९६० ही तारीख दिलेली आहे. एक राज्य निर्माण झाले म्हणून दुसरे निर्माण झाले. म्हणजे या ठिकाणी घटना एकच आहे, तिच्या बाजू दोन आहेत.

या घटनेची पार्श्वभूमी विद्यार्थ्यांना थोडक्यात सांगणे आवश्यक ठरते. डिसेंबर १९५३ मध्ये न्यायमूर्ती सय्यद फजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमण्यात आला. हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर हे त्याचे सदस्य होते. सप्टेंबर १९५५ मध्ये सादर झालेल्या अहवालात आयोगाने मुंबई राज्य द्वैभाषिक ठेवावे आणि विदर्भाचे वेगळे राज्य करावे, अशी शिफारस केली. १ नोव्हेंबर १९५६ पासून सौराष्ट्र, कच्छ, मराठवाडा आणि विदर्भ यांसह विशाल द्वैभाषिक राज्य अमलात आले. मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषकांत त्याविरुद्ध तीव्र असंतोष होता. इकडे संयुक्त महाराष्ट्र समिती आणि तिकडे इंदुलाल याज्ञिक यांच्या नेतृत्वाखालील महागुजरात जनता परिषद अशा दोन चळवळी उभ्या राहिल्या. मुंबईत आणि अहमदाबादेत गोळीबार झाले, माणसे मृत्युमुखी पडली. मुंबईच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंत कटुता असली तरी द्वैभाषिक राज्य नको, या मुद्द्यावर दोघांचे एकमत होते. ज्यांचे नाव आयोगाला मिळाले ते फजल अली १९५९ मध्ये निवर्तले, त्यामुळे हा शेवट त्यांना पाहता आला नाही.

नव्या महाराष्ट्रात २६ जिल्हे होते आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. गुजरातेत १७ जिल्हे होते, जीवराज मेहता मुख्यमंत्री झाले, तर पहिले राज्यपाल होते हैदराबादचे मेहदी नवाज जंग. गुजरात राज्याच्या स्थापनेचा समारंभ साबरमती आश्रमात रविशंकर महाराजांच्या हस्ते झाला. अनेक पाठ्यपुस्तकांत एका राज्याची स्थापना विस्ताराने आणि दुसऱ्याची एका वाक्यात येते. उधन्यासारख्या ठिकाणी शिकवणाऱ्या शिक्षकाने तरी या दोन्ही बाजू शेजारी ठेवून मांडल्या पाहिजेत.

रेषा आणि माणसे

कायद्याने केवळ जिल्हे वाटले नाहीत, काही तालुक्यांतील गावेही वाटली. ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्यातील, तसेच तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातील नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा या तालुक्यांतील काही गावे गुजरातमध्ये गेली. या भागातून तापी खोऱ्यातील रेल्वेमार्ग राज्याची सीमा ठरण्याच्या कितीतरी आधीपासून जात होता. उधना जंक्शनवरून फुटून जळगावकडे जाणाऱ्या या मार्गावर नवापूर स्थानक आहे. दोन राज्यांची सीमा या स्थानकातून गेली असून फलाटाचा काही भाग गुजरातमध्ये तर काही महाराष्ट्रात मोडतो. रेल्वे आधी आली आणि रेषा नंतर आली, हे त्याचे साधे कारण आहे.

३० एप्रिल १९६० रोजी नंदुरबारहून सुरतेला कामासाठी आलेला मनुष्य आपल्याच राज्यात एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात आला होता. दुसऱ्या दिवशी तो तिथेच होता, पण त्याचे गाव परराज्यात होते. पुढील दशकांत सुरतेतील कापड उद्योग वाढला, खानदेशातून येणाऱ्यांचा ओघ वाढला आणि नंतर आलेल्यांची गणना 'परप्रांतीय' म्हणून होऊ लागली. वास्तविक तापीच्या काठाने खानदेश आणि सुरत यांचा व्यवहार शतकानुशतके चालत आला आहे. बुऱ्हाणपूरहून सुरत बंदराकडे जाणारा मोगलकालीन व्यापारी मार्ग याच प्रदेशातून होता. हे ध्यानात घेतले म्हणजे उधन्यातील मराठी विद्यार्थी स्वतःला उपरा समजणार नाही, आणि त्याच्या शेजारी बसलेला गुजराती विद्यार्थीही त्याला तसे समजणार नाही.

निवडलेली तारीख

कामगार दिनाची गोष्ट वेगळ्या प्रकारची आहे. अमेरिकेतील संघटित कामगारांच्या महासंघाने १८८४ मध्ये असा ठराव केला की, १ मे १८८६ पासून कामाचा दिवस आठ तासांचा मानला जावा. त्यानुसार त्या दिवशी शिकागो आणि इतर शहरांत संप झाले. ४ मे रोजी शिकागोच्या हेमार्केट चौकात बॉम्ब फेकला गेला. त्यानंतरच्या खटल्यात आठ जणांना दोषी ठरवण्यात आले आणि चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फाशी देण्यात आली. पुढे अमेरिकन कामगार महासंघाने आठ तासांच्या मागणीसाठी १ मे १८९० हा दिवस मुक्रर केला. पॅरिस येथे १४ जुलै १८८९ रोजी भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेने तीच तारीख जगभरच्या निदर्शनांसाठी स्वीकारली. त्या परिषदेचा आरंभदिनही हेतुपूर्वक निवडलेला होता, कारण बास्तीयचा तुरुंग पडला त्याला त्या दिवशी शंभर वर्षे होत होती.

येथे एक घटना दुसरीला जन्म देते. नंतरच्या लोकांनी आधीच्या घटनेची आठवण ठेवून तारीख निवडली. भारतात १ मे १९२३ रोजी मद्रास येथे सिंगारवेलू चेट्टियार यांनी कामगार दिन पाळला, तोही याच साखळीतील दुवा होय. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी १८९० च्या जूनमध्ये मिळाली. जगात पहिला मे दिन साजरा झाला त्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी हे घडले. तरीही लोखंडे यांचे कार्य १८८४ पासून स्वतंत्रपणे चालू होते, म्हणून एकाला दुसऱ्याचा परिणाम म्हणता येत नाही. कालसान्निध्य आणि कार्यकारणभाव यांतील फरक समजावण्यास हे उदाहरण उपयोगी पडते.

मग राज्यस्थापना आणि कामगार दिन यांचा संबंध काय? पुनर्रचना कायद्यात कामगार दिनाचा उल्लेख नाही. परंतु ज्या माणसांच्या रेट्यामुळे तो कायदा झाला, त्यांच्यात हा संबंध दिसतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणी कामगार आघाडीवर होते आणि कामगार नेते श्रीपाद अमृत डांगे समितीच्या नेतृत्वात होते. बार्शी येथे जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल, म्हणजेच शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकातून कामगारांत गात होते. तोच आवाज पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत घुमला. महागुजरात चळवळीचे इंदुलाल याज्ञिक हेदेखील किसान सभेच्या कामातून पुढे आलेले होते. मराठी भाषेचे राज्य मागणाऱ्यांत एक मुस्लिम शाहीर अग्रभागी होता, ही गोष्ट आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितली पाहिजे.

निव्वळ योगायोग

१ मे १९६० हा रविवार होता. मुंबई आणि अहमदाबादेत उत्सव चालू असतानाच, पेशावरजवळच्या तळावरून उडालेले अमेरिकेचे यू-२ हे हेरगिरी करणारे विमान सोव्हिएत संघाने स्वेर्दलोव्स्कजवळ पाडले. वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स जिवंत पकडला गेला. ख्रुश्चेव्ह यांनी ही वार्ता ५ मे रोजी जाहीर केली आणि त्याच महिन्यात पॅरिसमधील शिखर परिषद मोडली. या घटनेचा राज्यस्थापनेशी काडीचाही संबंध नाही. फक्त दिवस एक होता. त्या दिवशी मुंबईत जल्लोष करणाऱ्या कोणालाही ती ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. एकाच दिवशी घडलेल्या घटना एकाच दिवशी कळतात असेही नाही, हा धडा यातून मिळतो.

कालगणनेचा भास

चौथा प्रकार सर्वांत फसवा आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचे एकीकरण १ मे १७०७ रोजी झाले, असे दिनविशेषांत आढळते. परंतु ब्रिटनमध्ये १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन कालगणना चालू होती. आजच्या ग्रेगोरियन गणनेनुसार तो दिवस १२ मे होता. त्याच वर्षी अहमदनगर येथे औरंगजेबाचे निधन झाले. त्याची तारीख काही ग्रंथांत २० फेब्रुवारी तर काहींत ३ मार्च अशी सापडते. दोन्ही बरोबर आहेत, कारण पहिली ज्युलियन आणि दुसरी ग्रेगोरियन आहे. ३ मार्चपासून १ मेपर्यंत दिवस मोजले तर ५९ भरतात, पण दोन्ही तारखा एकाच गणनेत आणल्यास अंतर ७० दिवसांचे निघते.

सुरतेच्या इतिहासातही हा प्रश्न येतो. शिवाजी महाराजांची सुरतेवरील पहिली स्वारी इंग्रजांच्या कागदपत्रांनुसार ६ जानेवारीला सुरू झाली. इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला बदलत असल्याने त्यांच्या लेखी तेव्हा १६६३ साल चालू होते. नव्या गणनेनुसार तो दिवस १६ जानेवारी १६६४ होतो. मोगल दप्तराच्या हिशेबाने तो हिजरी १०७४ मधील जमादिलाखर महिना होता. सूर्य एकदाच उगवला होता, तारखा मात्र लिहिणाऱ्यागणिक निरनिराळ्या पडल्या.

हिजरी गणना पूर्णतः चांद्र असल्याने तिच्या बाबतीत 'तोच दिवस' या शब्दांचा अर्थच बदलतो. १ मे १९६० रोजी हिजरी १३७९ चा जिल्काद महिना चालू होता. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून १ मे आणि जिल्काद यांची गाठ सुमारे ३३ वर्षांनी पुन्हा पडते. रमजान कधी उन्हाळ्यात तर कधी हिवाळ्यात का येतो, हे घरी अनुभवलेल्या विद्यार्थ्याला कालगणनेचे हे तत्त्व सहज समजते. त्याच्या अनुभवाचा वर्गात उपयोग करून घ्यावा.

समारोप

वरील विवेचनावरून दिनविशेषातील घटनांचे चार प्रकार करता येतात. एकाच कृतीच्या दोन बाजू, आधीच्या घटनेच्या स्मरणार्थ निवडलेली तारीख, निव्वळ योगायोग आणि कालगणनेमुळे होणारा भास. फलकावर घटना लिहिताना प्रत्येकीपुढे यांपैकी कोणता प्रकार हे विद्यार्थ्यांकडून ठरवून घेतले, तर पाठांतराच्या जागी विचार येईल. तारीख कोणत्या गणनेतील आहे, ती कोणी नोंदवली आणि कोणी निवडली, हे तीन प्रश्न त्यासाठी पुरेसे आहेत.

आणखी एक प्रश्न मात्र पुस्तकाबाहेरचा आहे. आठ तासांच्या दिवसाची मागणी १ मे १८८६ ला जगापुढे आली आणि भारतात १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. तथापि दक्षिण गुजरातेतील श्रमिकांचा दीर्घकाळ अभ्यास करणारे यान ब्रेमन आणि इतर अभ्यासकांनी सुरतेच्या यंत्रमाग कारखान्यांत बारा-बारा तासांच्या पाळ्या नोंदवल्या आहेत. उधन्यातील विद्यार्थ्याने १ मे रोजी आपल्या वडिलांना किंवा शेजाऱ्यांना ते किती तास काम करतात, कोणत्या गावाहून आले आणि केव्हा आले, एवढे विचारून वहीत लिहून आणले, तर राज्याचा आणि कामगारांचा इतिहास त्याला एकाच पानावर मिळेल. फलकावरील चार ओळींना अर्थ येतो तो अशा वहीमुळे, आणि ती वही भरून घेणे हे शिक्षकाचे काम आहे.