दोन दुरावे

इंग्लिश फुटबॉल क्लब युरोपात का अडखळले, याचे उत्तर मैदानाइतकेच इतिहासातही आहे. १९५३ साली हंगेरीने वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ असे हरवले. तरीही १९५५ मध्ये फुटबॉल लीगने चेल्सीला पहिल्या युरोपियन कपपासून परावृत्त केले. मॅट बझबी यांनी पुढच्याच वर्षी लीगचा विरोध झुगारून मँचेस्टर युनायटेडला स्पर्धेत उतरवले. या शिकवणीचे फळ मोठे होते: १९७७ ते १९८२ सलग सहा वेळा चषक इंग्लंडकडे आला. १९८५ मध्ये ब्रुसेल्सच्या हेझेल स्टेडियमवर लिव्हरपूल समर्थकांच्या हल्ल्यानंतर उडालेल्या चेंगराचेंगरीत ३९ जणांचा बळी गेला. इंग्लिश क्लबांवर पाच वर्षांची बंदी आली. चषक पुन्हा मिळायला १९९९ उजाडले. पहिला दुरावा अहंकाराचा, दुसरा अपराधाचा. गमावली ती मात्र एकच गोष्ट: परक्यांकडून शिकण्याची संधी.