खाँसाहेबांचा गंधार आणि सुरांचा साचा

रबीउल अव्वल जवळ आला की आमच्या रोहा-पेण परिसरात नातांची रेकॉर्डिंग सुरू होतात. पूर्वी मीलादच्या मजलिसीत मुलं उभी राहून नात पढत. आता मोबाईलवर आवाज घेतात, कुणीतरी कॉम्प्युटरवर सूर ‘सरळ’ करून देतो आणि ती स्टेटसवर लागते. हे योग्य की अयोग्य, यावर घराघरांत वाद आहे. वाद घालण्याआधी थोडा इतिहास पाहायला हवा.

सूर दुरुस्त करणारं ऑटो-ट्यून १९९७ साली आलं. ते तयार करणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी जमिनीखालून परतणाऱ्या लहरींचं गणित मांडत. तेच गणित त्यांनी गळ्याला लावलं. यंत्र गायलेला सूर ओळखतं आणि जवळच्या ‘बरोबर’ स्वरावर सरकवतं. सावकाश सरकवलं तर ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. एका झटक्यात सरकवलं तर आवाज यंत्रासारखा उड्या मारतो. १९९८ च्या शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’ गाण्याने हाच परिणाम जगभर पोहोचवला.

पण ‘बरोबर’ स्वर कोणता? हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच विचारला गेला होता. युरोपातून आलेल्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग असतात. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स त्यांच्या कामात सामील झाले. श्रुती पारखायला गळा लागला तो किराणा घराण्याच्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचा. त्यातून श्रुतींची पेटी तयार झाली आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वादही झाला. एक इंग्रज, एक मराठी अधिकारी आणि एक मुसलमान उस्ताद सुराच्या शोधात एकत्र बसले, ही गोष्ट आपल्या मुलांना माहीत असायला हवी. १९३७ साली खाँसाहेब गेले. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि त्यांच्या आठवणीत तिथे दरवर्षी गाणं होतं.

आकड्यांत सांगायचं तर सप्तकाचे १२०० बारीक भाग धरले, तर तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार सुमारे ३८६ वर असतो आणि पेटीचा ४०० वर. फरक फक्त १४ चा, पण तयार कानाला तो टोचतो. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, त्यामागेही असेच आक्षेप होते. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला पेटीचेच बारा स्वर लावलेले असतात. म्हणजे तंबोऱ्याशी जुळलेला गंधार त्याच्या हिशेबाने चुकलेला! दरबारीतला आंदोलित गंधार किंवा मींड त्याच्या हाती बेफिकिरीने दिली, तर त्यातली जान निघून जाते. स्वर बदलता येतात, दुरुस्ती कमी ठेवता येते, पण त्यासाठी वापरणाऱ्याचा कान आधी तयार हवा.

उर्दू शिकवणारा म्हणून मला आणखी एक गोष्ट दिसते. यंत्र सूर सरकवतं, तलफ्फुज सुधारत नाही. ‘क़ाफ़’चा ‘काफ़’ झाला किंवा ‘ज़िक्र’चा ‘जिक्र’ झाला, तर तो चुकलेला शब्द आता जास्त गोड ऐकू येतो, एवढंच. नात ही आधी कलाम आहे, मग तरन्नुम.

पेणच्या कारखान्यांत साच्यातून हजारो गणेशमूर्ती निघतात. त्याला कुणी खोटेपणा म्हणत नाही. मात्र डोळ्यांच्या आखणीला कसबी हातच लागतो. रेकॉर्डिंगमध्ये एखादा घसरलेला सूर सावरायला माझी हरकत नाही. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाला आपला दुरुस्त केलेला आवाजच खरा वाटू लागला, तर तो मजलिसीत उभा राहायला घाबरेल आणि रियाजही सोडून देईल. म्हणून मुलाला आधी लोकांसमोर पढू द्या, तलफ्फुज पक्का करून घ्या. मशीन त्यानंतर.