मवाळांच्या पक्षाचे काय झाले?

आठवीच्या वर्गात राष्ट्रीय चळवळीचा पाठ शिकवत होतो. एका मुलाने विचारले, "सर, मवाळ म्हणजे घाबरट का?"

आमची शाळा उर्दू माध्यमाची, पण सावर्ड्याच्या बाजारात मुलांच्या कानावर मराठी पडते. उर्दूत मवाळांना 'एतदालपसंद' म्हणतात आणि जहालांना 'इंतिहापसंद'. मराठीत 'जहाल' म्हटले की तेजस्वी पुरुष डोळ्यांसमोर येतो आणि 'मवाळ' म्हटले की नरम माणूस. उर्दूत नेमके उलटे. एतदाल हा गुण मानला जातो आणि इंतिहापसंद हा शब्द आज कोणासाठी वापरतात, हे वाचकांना सांगायला नको. माणसे तीच, भाषा बदलली की निकाल बदलतो. त्या मुलाला तासाला नीट उत्तर देता आले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करतो.

जहाल आणि मवाळ या दोन्ही प्रवाहांचे मोठे नेते आपल्याच रत्नागिरी जिल्ह्याने दिले. टिळकांचा जन्म १८५६ चा. गोपाळ कृष्ण गोखले १८६६ साली आता गुहागर तालुक्यात असलेल्या कोतळूक गावी जन्मले. गोखल्यांची परंपरा न्यायमूर्ती रानडे, फिरोजशहा मेहता यांची. त्याच परंपरेत बद्रुद्दीन तय्यबजी होते. १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम उभारणाऱ्यांपैकी ते एक आणि १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष. म्हणजे मवाळांचे घर आपल्याला परके नव्हते. तरुण बॅरिस्टर जिनांनाही त्या काळी 'मुस्लिम गोखले' व्हावेसे वाटत होते.

१९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली. १९१५ साली गोखले गेले. पुढे माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा स्वीकाराव्यात की नाही यावर मतभेद झाले आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईत सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या अध्यक्षतेखाली मवाळांनी वेगळी परिषद भरवली. तीच पुढे नॅशनल लिबरल फेडरेशन, म्हणजे लिबरल पक्ष, म्हणून ओळखली गेली.

या लोकांनी केले काय? शिक्षक म्हणून मला एक गोष्ट सर्वांत मोठी वाटते. मार्च १९११ मध्ये गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठवणे टप्प्याटप्प्याने सक्तीचे करावे, तेही स्थानिक संस्थेची इच्छा असेल तेथेच, इतकी साधी मागणी. मुलींचा विचार त्यात पुढच्या टप्प्यावर ढकललेला होता, ही उणीव मान्य केली पाहिजे. जिनांनी विधेयकाला पाठिंबा दिला. सरकार आणि बडे जमीनदार विरोधात गेले. मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक पडले.

१९२० च्या निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार घातला, तेव्हा लिबरल मंडळी कौन्सिलांत शिरली. मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले रँग्लर र. पु. परांजपे, तेही आपल्याच जिल्ह्यातल्या, दापोलीकडच्या मुर्डी गावचे. त्यांच्या काळात १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. गोखल्यांचे पडलेले विधेयक अशा रीतीने थोडेफार उभे राहिले. पण त्याच वर्षी स्वराज्य पक्ष निवडणुकीत उतरला आणि लिबरलांची पीछेहाट झाली. त्यानंतर पक्ष पुन्हा सावरला नाही. १९४० च्या दशकात तो संपल्यातच जमा होता.

कारणे उघड आहेत. जालियनवाला बागेनंतर सरकारच्या न्यायबुद्धीवर विश्वास ठेवा, असे सांगणाऱ्याचे कोण ऐकणार? शिवाय हा पक्ष वकील, प्राध्यापक, संपादक यांचा. त्यांची भाषणे इंग्रजीत, मतदार मूठभर मालमत्ताधारक. गांधीजी गोखल्यांना गुरू मानत, पण ते खेड्यात गेले. लिबरल दिवाणखान्यातच राहिले. खेडोतच्या शेतकऱ्याला वा आपल्या खाडीकाठच्या खलाशाला हा पक्ष कधी भेटलाच नाही.

तरीही एक प्रसंग विसरता येत नाही. डिसेंबर १९२८ मध्ये कलकत्त्याच्या सर्वपक्षीय परिषदेत नेहरू अहवालावर चर्चा होती. केंद्रीय कायदेमंडळात मुसलमानांना एक तृतीयांश जागा द्याव्यात, अशी एक दुरुस्ती जिनांनी मांडली. तिच्या बाजूने बोलले लिबरल नेते तेजबहादूर सप्रू. ते उर्दू-फारसीचे जाणकार होते. थोडे देऊन मोठे वाचवावे, हा त्यांचा आग्रह. बॅरिस्टर जयकरांनी विरोध केला. दुरुस्ती फेटाळली गेली. ती मान्य झाली असती तर पुढचे सारे टळले असते, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण मधली माणसे दुबळी झाली की दोन्ही टोकांची माणसे बळावतात आणि त्याची किंमत अल्पसंख्याकांना अधिक मोजावी लागते, एवढे आपण अनुभवाने जाणतो.

पक्ष गेला, काम मात्र शिल्लक राहिले. २००९ साली संसदेने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. गोखल्यांची हार झाल्यानंतर ९७ वर्षांनी. आता सरकारला दोष देऊन आपण सुटू शकत नाही. आठवी संपली की मुलीला घरी बसवणारे आणि दहावीआधीच मुलाला आखातात पाठवण्याची घाई करणारे पालक आपल्याच मोहल्ल्यात आहेत. माझ्या हजेरीपटावरची नावे कोणत्याही कायदेमंडळाने नव्हे, तर घराघरांतून कमी होतात.

तर बाळा, मवाळ म्हणजे घाबरट नव्हे. तेरा मतांनिशी अडतीसांपुढे उभे राहायला छाती लागते. त्यांची चूक एवढीच की ते तुझ्या आजोबांपणजोबांच्या दारापर्यंत आले नाहीत. ती चूक आपण करू नये. उद्या तुझ्या शेजारची जी मुलगी शाळेत यायची थांबली आहे, तिच्या घरी आपण दोघे जाऊ.