मिठिक खदरकी

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. तीत दगड आहे, टाकी आहे, घाव आहेत. परंतु टाकी थांबल्यानंतर जो माणूस दगडापाशी येऊन बसतो, त्याला या म्हणीत जागा नाही. पाथरवटाचा घाव दिसतो. घोटणाऱ्याचे काम तो घाव दिसेनासा करण्याचे. ते जितके उत्तम साधेल तितका त्याचा स्वतःचा माग कमी उरतो. शिल्पाच्या इतिहासात हा माणूस इतका क्वचित का भेटतो, याचे एक कारण बहुधा हेच असावे.

एके ठिकाणी मात्र तो भेटतो, आणि तेही कल्याणच्या शेजारीच. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत कल्याण हे नांदते बंदर होते. ‘पेरिप्लस’च्या ग्रीक लेखकाने त्याचा उल्लेख ‘कल्लिएना’ असा केला आहे. येथील धनिकांनी आणि कारागिरांनी कान्हेरीच्या लेण्यांना दिलेल्या दानांचे लेख तेथील खडकावर आहेत. पाण्याची पोढी देणारा सोनार सामिदत्त कल्याणचा, आणि वाट देणारा लोहार नंद हाही कल्याणचाच. त्याच कान्हेरीत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे मोठ्या चैत्यगृहाशी, यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला एक लेख आहे. चैत्यगृह व्यापारी भावांच्या दानातून झाले हे सांगून तो थांबत नाही; काम करणाऱ्यांचेही वर्ग नोंदवतो. सेलवढकी, नायकमिस, कढिचक, महाकटक, आणि शेवटी मिठिक खदरकी.

सेलवढकी म्हणजे शैलवर्धकी, दगडाचा सुतार. यातला ‘वढकी’ हिंदीतल्या ‘बढई’त अजून जिवंत आहे. मधल्या दोनतीन पदव्यांच्या अर्थाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंतु ‘मिठिक’ या शब्दाचा अर्थ ल्यूडर्सने 1912 साली प्रसिद्ध केलेल्या ब्राह्मी लेखांच्या यादीत घोटणारा, ओप देणारा असाच लावला आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की बाकीचे वर्ग केवळ धंद्याच्या नावाने येतात आणि घोटणारा स्वतःच्या नावाने येतो. का, ते लेख सांगत नाही. आणि त्याने दिलेला ओप आज तेथे शोधून सापडत नाही. कान्हेरीचा खडक भरड आहे, आणि त्यावर अठराशेहून अधिक पावसाळे गेले आहेत. काम गेले आणि नाव राहिले, असा हा दुर्मीळ उलटा प्रकार.

दगड घोटण्याची विद्या त्यापूर्वीही कित्येक शतके जुनी होती. बिहारमधील बराबरच्या मौर्यकालीन लेण्यांत ग्रॅनाइटच्या भिंती आरशासारख्या आहेत. त्यांतल्या लोमश ऋषीच्या लेण्यात काम अर्धवट राहिले, म्हणून तेथे खडबडीत टाकीकाम आणि तकतकीत भिंत शेजारीशेजारी दिसतात. घोटणाऱ्याचे श्रम दिसायला काम अपुरेच राहावे लागते, असे म्हणावेसे वाटते.

घोटाईचे तत्त्व सोपे आहे: दगडाहून कठीण असे काही दगडावर घासायचे, आणि त्याची भुकटी बारीक बारीक करत न्यायची. भारतात यासाठी जुने साधन कुरुंद. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम्. त्यावरूनच इंग्रजीतले ‘कोरंडम’ आले. 1891 साली अमेरिकेत ॲचेसन हा कृत्रिम हिरा करण्याच्या खटपटीत असताना त्याच्या भट्टीत दुसरेच कठीण स्फटिक तयार झाले. तो कार्बन आणि कोरंडम यांचा संयोग असावा अशा समजुतीने त्याने त्याला ‘कार्बोरंडम’ म्हटले. समजूत चुकीची होती, नाव टिकले. कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या इमारतींत मोझॅकच्या लाद्या ज्या यंत्राने घासल्या गेल्या, त्याच्या बुडाशी हेच कार्बोरंडमचे दगड होते. दिवसचे दिवस चालणारी ती घरघर आणि जिन्यावरून उतरणारा करडा रबडा अनेकांना आठवत असेल. आपला कुरुंद असा अमेरिकेची फेरी करून, भलत्याच पदार्थाच्या नावात दडून घरी परतला होता.

1954 च्या डिसेंबरात जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत खरोखरच कृत्रिम हिरा तयार झाला, आणि पुढे हिऱ्याची भुकटी कारागिराच्या आवाक्यात आली. आज स्वयंपाकाच्या ओट्याचा ग्रॅनाइट घोटायला येणाऱ्याच्या पिशवीत राळेत हिऱ्याचे कण बसवलेल्या तळहाताएवढ्या चकत्या असतात. 50, 100, 200, 400, 800, 1500, 3000 असे त्यांचे नंबर. आकडा वाढला की कण बारीक. प्रत्येक चकतीचे काम एकच: आधीच्या चकतीचे ओरखडे काढणे आणि स्वतःचे, अधिक बारीक, मागे ठेवणे. मधला नंबर गाळला तर चूक तत्काळ कळत नाही; शेवटचा ओप चढल्यावर, खिडकीतून तिरपा उजेड पडला की जुना ओरखडा वर येतो. मग मागे जाण्यावाचून उपाय नाही. (हस्तलिखिताचे संस्करण करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.) ओरखडे प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान झाले की दगडात चेहरा दिसू लागतो.

चकतीवर पाण्याची धार हवी. पाण्याने ती थंड राहते आणि धूळ बसते. परंतु नव्याने रंगवलेल्या घरात पाणी नको असते, घाई असते, आणि काम कोरडेच उरकले जाते. ग्रॅनाइटमध्ये सिलिका पुष्कळ असते. तिची धूळ श्वासावाटे आत गेली की फुप्फुसात व्रण धरतात. त्याला सिलिकोसिस म्हणतात, आणि झालेले नुकसान भरून येत नाही. कृत्रिम क्वार्ट्झच्या फरशीत सिलिकेचे प्रमाण याहूनही अधिक असते. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा फरशीच्या वापरावर बंदी घातली ती तेथील दगडकामगारांच्या फुप्फुसांची अवस्था पाहूनच. आपल्याकडे घरोघर ग्राइंडर घेऊन फिरणारा माणूस बहुधा कोणत्याही कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो. पाच-सहा वर्षांनी तो खोकू लागला, तर कोणत्या ओट्याची धूळ त्याच्या छातीत आहे, हे कोण सांगणार?

ओट्याखाली वाकून, सिंकच्या कडेला खालून हात लावून पाहावा. तेथे चकती पोहोचलेली नसते. खाणीतून आल्यावर करवतीने मारलेल्या रेघा तशाच हाताला लागतात.