तंजावूरचे नट्टुवनार

फुटबॉलच्या मैदानावर गोल करणाऱ्याचे नाव गर्दीच्या तोंडी होते. मधल्या फळीत राहून चेंडू अडविणारा, तो पुढच्यास अचूक पुरविणारा आणि साऱ्या संघाची लय सांभाळणारा गडी मात्र जाणकारांनाच दिसतो. त्यातून तो जन्मभर एकाच संघाचा राहिला, तर त्याच्या निष्ठेचे कौतुक काही निराळेच. चुनी गोस्वामी १९५४ पासून १९६८ पर्यंत मोहन बागान सोडून कोठे गेले नाहीत, हे बंगाल अद्याप विसरलेला नाही. नृत्याच्या मैदानावर ही मधली फळी म्हणजे नट्टुवनार. नर्तकीच्या मागे उभे राहून, हाती टाळ घेऊन, मुखाने बोल म्हणत तो तिचे प्रत्येक पाऊल चालवितो. प्रेक्षकांचे डोळे मात्र नर्तकीवर खिळलेले असतात.

तंजावूरच्या भोसले दरबारात असे चार बंधू होते: चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू. सुब्बराय नट्टुवनारांचे हे पुत्र १८०२ ते १८१० या काळात जन्मले. मुत्तुस्वामी दीक्षितरांसारखा गुरू त्यांस लाभला आणि बृहदीश्वराच्या मंदिराची व दुसऱ्या सरफोजी राजांच्या दरबाराची सेवा त्यांच्याकडे आली. सरफोजींचे राज्य १७९९ च्या तहाने कंपनी सरकारने घेतलेच होते. राजाकडे उरले ते तंजावूरचा किल्ला आणि मानमरातब. परंतु सत्ता गेलेल्या या राजाने विद्या व कला यांचा संसार असा थाटला की, सत्ताधीशांनी त्याचा हेवा करावा.

गुणी माणसास बोलावणी येतातच. त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी या बंधूंना आदराने ठेवून घेतले. वडिवेलू तेथेच रमला. कर्नाटक संगीतात व्हायोलिन रुजविणाऱ्या मंडळींत त्याची गणना होते, आणि महाराजांनी त्यास १८३४ मध्ये हस्तिदंती व्हायोलिन देऊन गौरविले. चिन्नय्या म्हैसूरच्या वडियार दरबारी गेला. पोन्नय्या व शिवानंदम हे दोघे मात्र तंजावूरचेच राहिले. गेलेल्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्या जाण्यामुळेच ही विद्या दोन राज्यांत पसरली. पण मूळ घर ज्यांनी राखले, त्यांचे ऋण अधिक खोल आहे.

आज भरतनाट्यमच्या कार्यक्रमात अलारिप्पु, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम व तिल्लाना असा जो क्रम दिसतो, तो या बंधूंनी बांधला, असे परंपरा मानते. त्यातील वर्णे व जतिस्वरे रचण्यात पोन्नय्याचा वाटा सर्वांत मोठा. याच दरबारात मराठीही नाचत होती, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी ठाऊक नाही. सरफोजींच्या नावावरील मराठी नृत्यरचनांचे संच सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. प्रत्येक संचात अठरा अंगे, आणि संपूर्ण संच एकाच रागात व एकाच तालात बांधलेला! तेव्हा भरतनाट्यमच्या घडणीत मराठी शब्दांचाही काही अंश मिसळलेला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

१८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजी राजे पुत्रहीन वारले आणि डलहौसीच्या कारकीर्दीत ते संस्थानही खालसा झाले. दरबार मोडला म्हणजे दरबारी कलावंत वाऱ्यावर पडतो, आणि बहुतेकांच्या वाट्यास तेच आले. या घराण्याने मात्र तंजावूरच्या मेलवीथीवरील आपले बिऱ्हाड सोडले नाही. मुलांना व भाच्यांना शिकवीत, रचना मुखोद्गत ठेवीत त्यांनी ती विद्या जगविली. याच वंशातील पंदनल्लूर मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै (१८६९–१९५४) यांच्यापाशी रुक्मिणीदेवी अरुंडेल शिकल्या. १९३५ मध्ये अड्यारला त्यांनी केलेल्या नृत्याचा गाजावाजा झाला. पुढे कलाक्षेत्र उभे राहिले. १९४७ मध्ये मद्रास सरकारने देवदासी अर्पणाच्या प्रथेस कायद्याने बंदी केली. ती योग्यच होती. तथापि तिच्या ओघात पिढीजात नाचणाऱ्या स्त्रियांचे व्यासपीठही गेले आणि त्यांचे नट्टुवनार नव्या संस्थांच्या दारी पगारी शिक्षक झाले. कलेला प्रतिष्ठा आली, ती कला राखणाऱ्यांच्या पदरी फारशी पडली नाही.

शिवानंदमच्या वंशातील किट्टप्पा पिळ्ळै यांनी १९६१ मध्ये या बंधूंच्या रचना ‘पोन्नय्या मणिमालै’ या नावाने छापून प्रसिद्ध केल्या. वैजयंतीमाला व हेमा मालिनी यांसारख्या शिष्या त्यांच्यापाशी शिकल्या. त्यांची छायाचित्रे घरोघरी पोहोचली. मागे टाळ धरून बसलेल्या गुरूचे नाव किती घरांत ठाऊक झाले असेल?