गोरं, सावळं, काळं

यंदा चैत्रात उंदरांनी आमच्या घरातली सगळ्यात जुनी वाकळ कुरतडली. सून म्हणाली, "मामा, टाकून देऊ का हिला? धुवायला काढली तर दोघींना उचलत न्हाई." मी म्हणालो, टाकायची तर टाकू, पण आधी उसवून बघू. शेतात काम नव्हतं. हरभरा घरात आला होता आणि ऊन दाराबाहेर पाय टाकू देत नव्हतं. मग मी, सून आणि दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली नात, तिघं ढाळजेत बसलो आणि ब्लेडनं टाके कापायला लागलो.

पुण्या-मुंबईकडं जिला गोधडी म्हणतात ती आमच्या कंधार तालुक्यात वाकळ. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक टाकायचे, वर ठिगळांची खोळ बसवायची, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि काठापासून धावदोरा घालत चौकोनी फेऱ्यांनी मधोमध यायचं. फाटली म्हणून वाकळ कुणी टाकत नव्हतं. तिच्यावर नवी खोळ चढायची, जुनी पोटात जायची. त्यामुळं आम्ही जसजसं उसवत गेलो तसतसा घराचा पाऊणशे वर्षांचा हिशेब बाहेर यायला लागला. तलाठ्याच्या दप्तरात नसतो असला हिशेब.

पण तो वाचायचा कसा हे सांगायचं तर आधी मायची रीत सांगावी लागंल.

माय शाळेची पायरी चढली नव्हती. वाकळ धरायची झाली की ती वर्षभर साठवलेलं बोचकं सोडायची आणि ठिगळांचे तीन ढीग करायची. गोरं, सावळं आणि काळं. माणसांना म्हणतात तेच शब्द. रंगाचं नाव तिच्या तोंडी येत नव्हतं. तांबडं आणि हिरवं एकाच ढिगात, पिवळं आणि फिक्कं निळं दुसऱ्यात. मी सात-आठ वर्षांचा असंन. मला वाटायचं मायला रंगच कळत न्हाईत. एकदा म्हणालो, "माय, हे तांबडं हाय, ते हिरवं. एका जागी कामून टाकलीस?" ती म्हणाली, "दिवेलागणीला ये, मग सांग."

संध्याकाळी तिनं ठिगळं अंगणात मांडली. दिस बुडाला होता, दिवा लावायचा होता. "आता बघ. डोळे बारीक कर." बघतो तर रंग निघून गेले होते. तांबडं कुठलं आणि हिरवं कुठलं, काही सांगता येईना. राहिला होता फक्त उजेड-अंधार. काही ठिगळं चमकत होती, काही जमिनीत मिसळून गेली होती, काही मधीच अडकली होती. एक तांबडं ठिगळ, जे दुपारी सगळ्यात भडक होतं, ते तर पार काळं पडलं होतं. मायनं ते उचललं आणि सावळ्यातून काळ्यात टाकलं.

नातीच्या विज्ञानाच्या पुस्तकात याचं कारण मिळालं. डोळ्याच्या पडद्यावर दोन जातीच्या पेशी असतात. रंग ओळखणाऱ्या पेशींना भरपूर उजेड लागतो, नुसता कमी-जास्त उजेड ओळखणाऱ्या पेशी अंधुकातही चालतात. मायनं हे पुस्तकाशिवाय शोधलं होतं, का तिला तिच्या मायनं सांगितलं होतं, हे विचारायचं राहून गेलं.

मांडायची रीतही ठरलेली. काठाला काळं, कारण काठ हातानं ओढला जातो, मळतो. गोऱ्याच्या शेजारी काळं आलं की चौकडा उठून दिसतो. त्या दोघांना सांभाळून घ्यायला सावळं. पण सावळं बेतानं. नव्या बायका सगळी आवडती ठिगळं घेऊन बसतात आणि ती बहुतेक सावळीच निघतात. मग शेजारून वाकळ रंगीबेरंगी दिसते आणि दहा पावलांवरून चिखल. माय म्हणायची, "समदेच सावळे झाल्यावर गोरा कोण दिसायचा?"

जाता जाता एक सांगतो. तिरंग्याचं खादी कापड आमच्या उदगीरला विणतात आणि झेंडे नांदेडला शिवून होतात, याचा आम्हाला अभिमान आहे. कधी झेंडा उतरवायच्या वेळेला, अंधारताना बघा. केशरी आणि हिरवा दोन्ही सावळे होतात आणि मधला पांढरा तेवढा वाऱ्यावर हलताना दिसतो.

आता वाकळीकडं येतो.

सगळ्यात आतला थर आजीचा. त्याचे पुष्कळसे तुकडे हातात घेतले की पीठ व्हायचे. जे राहिले त्यात दोनच ढीग होते, गोरं आणि काळं. सावळं जवळजवळ नाहीच. कारण उघड आहे. गडीमाणसं पांढरं धोतर आणि पांढरा पटका वापरणार, बायका काळ्या-निळ्या गडद लुगड्यात, कुणाकडं सणाची चंद्रकळा. निजामाचं राज्य होतं. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावानं नांदेडला उस्मानशाही मिल होती. आजी कुठल्याही जाड पांढऱ्या कापडाला 'मिलचं' म्हणायची. लढाईच्या वर्षांत कापड कंट्रोलवर गेलं आणि ठिगळावर ठिगळ चढलं. त्या थरात एका धोतराच्या तुकड्यावर मी चार ठिगळं मोजली.

रझाकारांच्या धामधुमीत आजी लेकरांना घेऊन वऱ्हाडाच्या हद्दीकडं निघाली तेव्हा वाकळीतच भांडी आणि दाणे बांधून नेले होते, असं ती सांगायची. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि मंडळी माघारी आली. भांडी वाटेत गेली, वाकळ परत आली. ती हीच का दुसरी, कोण जाणे. आजी प्रत्येक वाकळीबद्दल तेच सांगायची.

त्यावरचा थर सुताच्या पातळांचा. इथं सावळं भरपूर. त्यातली गोम नातीच्या ध्यानात आली. एकाच लुगड्याचे तीन तुकडे निघाले आणि तिन्ही वेगळे. निऱ्यांच्या आतलं कापड ऊन बघत नाही, ते काळं राहिलं होतं. कमरेखालचं सावळं झालं होतं. डोईवरचा पदर, जो खुरपताना, कापूस वेचताना बारा महिने उन्हात असतो, तो गोरा पडला होता. म्हणजे एका लुगड्यातूनच माय तिन्ही ढीग भरायची. सुताचं कापड माणसासारखं उन्हानं बदलतं, फक्त उलट्या बाजूनं. माणूस उन्हात काळा होतो, लुगडं गोरं होतं.

त्याच्या वर एक पातळ थर होता, तो बघून मी गप्प झालो. सगळा एका रंगाचा, मातीचा. गोरं नाही, काळं नाही. हा बहात्तरच्या दुष्काळातला. मी बारा वर्षांचा होतो. माय आणि बापू रोजगार हमीच्या नाल्याच्या कामावर जायचे. खायला लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडी. विहिरीच्या तळातलं पाणी वाटीनं भरायचं, तिथं धुण्याला पाणी कुठलं? पांढरं धोतर मातकट झालं, काळं लुगडं धुळीनं मातकट झालं, आणि तसंच फाटलं. त्या साली माय ढीग करायला बसली आणि एकच ढीग झाला. तिनं वाकळ शिवली, पण चौकडा धरला नाही. नुसतं जोडत गेली.

ऐंशीच्या पुढं चित्र पालटलं. हायब्रीड कापूस आला. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा एनएचएच ४४ आमच्या शिवारात जिकडंतिकडं दिसायचा. हातात पैसा आला आणि गंमत अशी की कापूस पिकवणारा माणूस त्याच पैशानं टेरीकॉट आणि नायलॉन घेऊन यायला लागला. पिकवायचा कापूस आणि नेसायचं प्लास्टिक. हे कापड फाटायला दमवतं आणि रंग सोडत नाही. मायला त्याचा राग यायचा. "हे म्हातारंच होत न्हाई," म्हणायची. काळं ते काळंच राहणार, सुई आत जाताना कुरकुरणार आणि हिवाळ्यात अंगाला गार लागणार. दसऱ्याआधी साऱ्या गावाची अंथरुणं-पांघरुणं धुवायला मन्याडच्या काठी यायची. तिथं खडकावर वाळत घातलेल्या वाकळी बघून कुणाच्या घरात टेरीकॉट शिरलंय ते लांबून कळायचं. त्या चकाकायच्या.

आणि मग सगळ्यात वरची खोळ. ती १९९३ ची.

माझी धाकटी बहीण किल्लारीजवळच्या एका गावात दिली होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटं कमी असताना, भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात थंड म्हणून आम्ही ज्यांचं कौतुक करायचो ती घरं झोपलेल्या माणसांवर बसली. हजारो माणसं गेली. दाजी बाहेर ओट्यावर झोपले होते, ते वाचले. बहीण आणि तिची सासू आत होत्या.

पंचमीला बहीण माहेरी आली होती तेव्हा तिची दोन लुगडी आमच्याकडं राहिली होती. एक गडद हिरवं, एक हळदीसारखं पिवळं. मायनं ती पेटीत ठेवली. पुढं मदतीचे कपडे आले, ट्रकच्या ट्रक. लोकांनी चांगल्या मनानं दिले होते, पण खेड्यातली बाई फ्रॉक आणि पँट घेऊन काय करणार? दाजींनी एक मोठं बोचकं मायला आणून दिलं. त्यात गुलाबी, आकाशी, दुधाळ असे कपडे होते, आमच्या घरात कधीच न आलेले गोरे रंग.

पुढच्या उन्हाळ्यात माय वाकळीला बसली. मी शेतातून आलो तर हिरवं लुगडं फाडून काठ लावणं चाललं होतं. माझं डोकं फिरलं. "तिची येवढी खूण राहिली होती, ती बी फाडलीस? पिवळं बी फाडलं असशील." माय काही बोलली नाही, सुई चालवत राहिली. मी नंतर पेटी उघडून बघितली, पिवळं नव्हतं. मग चार-पाच दिवस मी तिच्याशी बोललो नाही. पुढं बोलणं सुरू झालं, पण त्या वाकळीवर मी कधी झोपलो नाही. मायला जाऊन आता आठ वर्षं झाली.

नात मोबाईलवर काहीबाही शोधत असते. तिनं मला अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं गीज बेंड नावाचं खेडं दाखवलं. नदीच्या वळणावरचं, एकेकाळी गुलाम असलेल्या लोकांच्या लेकी-नातींचं. त्याही कामाच्या फाटक्या कपड्यांतून वाकळी शिवायच्या, आणि २००२ साली ह्यूस्टनच्या मोठ्या संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं. त्यातली एक मिझुरी पेटवे नावाच्या बाईनं १९४२ मध्ये शिवलेली. नवरा वारला, तेव्हा त्याच्या शेतातल्या कपड्यांची तिनं वाकळ केली. पांघरून झोपायला. मी तो फोटो बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

तर त्या दिवशी आम्ही १९९३ ची खोळ काढली आणि तिच्याखाली, मातकट थराच्या वर, पिवळं लुगडं निघालं. अख्खं. नऊवार, घडी घालून पसरलेलं, कात्री न लागलेलं. फक्त धावदोऱ्याची भोकं. उंदीर तिथवर पोचले नव्हते. तीस वर्षं ऊन न लागल्यानं रंग होता तसाच होता.

सून म्हणाली, "मामा, हे काढून पेटीत ठेवावं का?"

मी म्हणालो, "नको. आहे तिथं राहू दे."

ठरलं की वर नवी खोळ चढवायची. पडकं झालेलं आजीचं सूत तेवढं काढलं, बाकी आत ठेवलं. सुनेच्या बोचक्यात सावळं पोत्यानं निघालं, गोरं बऱ्यापैकी, पण काठाला काळं पुरेना. नातीनं तिची जुनी जीन्स आणली. तिच्यात सुई मोडली. मी माझी फाटकी छत्री दाखवली तर दोघी हसायला लागल्या. शेवटी सुनेच्या मायनं लुगड्याचे दोन काळे काठ पाठवले, तेव्हा जमलं.

ठिगळं मांडून झाल्यावर मी नातीला म्हणालो, आता दिवेलागणीपर्यंत थांब. ती म्हणाली, "आजोबा, थांबायचं कामून?" तिनं मोबाईलवर फोटो काढला, बोट फिरवलं आणि सगळा रंग उडवला. काळा-पांढरा फोटो माझ्यापुढं धरला. वरच्या ओळीतलं तिसरं ठिगळ चुकलं होतं. तांबडं होतं. तिनं ते उचलून काठाला नेलं.

तरी मी संध्याकाळी अंगणात जाऊन एकदा बघून घेतलं.